तो मधला माणूस

'वेडी आहेस का गं?'

पाऊस सुरू झाला की हा प्रश्न मला आठवड्यातून किमान तीनदा ऐकावा लागतो. आईकडून (डोंबिवलीहून, फोनवर), रूममेटकडून (दादरला, पांघरुणातून) आणि टॅक्सीवाल्याकडून (आरशात बघत). कारण रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, बाहेर धो धो कोसळत असतो आणि मी निघालेली असते. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, खांद्याला ट्रायपॉड आणि डोक्यावर... नाही, छत्री डोक्यावर नसते. छत्री कॅमेऱ्यावर असते. डोकं भिजलं तर वाळतं. कॅमेरा भिजला तर ईएमआय भिजतो!

मुंबईत मान्सून पोहोचायची हवामान खात्याची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तर स्वारी २६ मेलाच येऊन थडकली होती. बाकीची मुंबई तेव्हा रेनकोट शोधते, कांदाभजीचे बेत करते, लोणावळ्याचे प्लॅन आखते आणि रद्द करते. मी कपाटात झिरोचा बल्ब लावते. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून. आमच्या घरात माझ्या कपड्यांना दमट वास येतो, पण कॅमेऱ्याची मात्र ऊबदार सोय असते. रूममेटचं म्हणणं, लग्नाच्या बायोडेटात हे लिहून टाक, म्हणजे पुढचा त्रास वाचेल.

दिवसा मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे डेडलाइन यांची, चेक मात्र यांच्या सवडीनं. मास कॉमला असताना फोटोग्राफी हा एकच पेपर असा होता की ज्याच्या आदल्या रात्री मी झोपायचे. पहिल्या नोकरीच्या चार महिन्यांच्या बचतीतून फोर्टात बोरा बाजारला जाऊन सेकंडहँड डीएसएलआर घेतला. नोकरी गेली, कॅमेरा राहिला.

फंडा एकदम क्लिअर आहे

तुमच्यापैकी अनेकांचं ऑफिस सात वाजता सुटतं (कागदोपत्री तरी!). जुलैत मुंबईचा सूर्यास्त सव्वासातच्या आसपास. त्यानंतरचा साधारण अर्धा तास म्हणजे फोटोग्राफरांची चांदी. आकाश काळं झालेलं नसतं, गडद निळं असतं, आणि खाली दिवे लागलेले असतात. एरवी ही मुंबई धुळकट, करडी. पण रस्ता ओला झाला की प्रत्येक दिव्याचे दोन दिवे होतात. सिग्नल वर एक, खाली एक. सीएसएमटीसमोर पाऊस पडून गेल्यावर उभे राहा, डांबरात अख्खं स्टेशन उलटं उभं असतं. फुकटात.

एक गंमत सांगते. रात्रीच्या लाँग एक्सपोझरमध्ये पाऊस दिसतच नाही! थेंब इतक्या झपाट्यानं खाली येतो की कॅमेऱ्याला त्याची दखल घ्यायला वेळच मिळत नाही. पाऊस दिसतो फक्त दिव्याच्या झोतात, बारीक रेघांसारखा. म्हणून पावसाळी फोटो काढायचा तर आधी दिव्याचा खांब शोधायचा.

बाकी टिप्स घरगुती आहेत. हॉटेलात फुकट मिळणारी शॉवर कॅप टाकू नका, कॅमेऱ्यावर झक्क बसते. एसी ऑफिसातून किंवा एसी कॅबमधून बाहेर आल्या आल्या कॅमेरा काढू नका, लेन्सवर धुकं धरतं. वीसेक मिनिटं बॅगेतच राहू द्या, तेवढ्यात कटिंग मारा. आणि ट्रायपॉड हवाच. दहा, वीस, तीस सेकंद शटर उघडं ठेवायचं तर हात कामाचा नाही. धडधडणारं काळीज असलेल्या माणसाचा तर अजिबातच नाही.

दिव्यांचे रंगही बदललेत. मरीन ड्राइव्हची ती सोनेरी माळ सोडियमच्या दिव्यांची होती. २०१५ मध्ये तिथे पांढरे एलईडी लागले आणि केवढा गदारोळ झाला! क्वीन्स नेकलेसचे मोती झाले म्हणून लोक हळहळले. शेवटी पिवळसर झाक असलेले दिवे आले. पण गल्ल्याबोळांत पांढरा प्रकाशच जिंकला. सोडियमच्या उजेडात सगळं शहर हळद लागल्यासारखं दिसायचं. एलईडीत प्रत्येक गोष्ट जशी आहे तशी दिसते. कचराही.

आता मुख्य फंडा. तीस सेकंदांच्या फोटोत जे हलतं ते पुसलं जातं. टॅक्सी दिसत नाही, तिच्या दिव्यांच्या रेघा दिसतात. चालणारा माणूस तर दिसतच नाही, कारण एका जागी तो असतोच किती वेळ? समोरून पन्नास माणसं गेली तरी रस्ता रिकामा. साचलेल्या पाण्यावरच्या लाटा जाऊन सायीसारखा गुळगुळीत थर दिसतो. मुंबई रिकामी बघायची असेल तर कर्फ्यूची गरज नाही, एक ट्रायपॉड पुरतो.

फोटोत उरतो फक्त तो, जो थांबलेला असतो.

हिंदमाता, रात्रीचे अकरा

गेल्या जुलैतली गोष्ट. दुपारपासून कोसळत होता, त्यात भरती. मुंबईचं हे गणित आपल्याला शाळेत शिकवत नाहीत, पण प्रत्येकाला पाठ असतं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की गटारांतलं पाणी समुद्रात जाईना. इंग्रजांच्या काळातल्या या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा त्या हिशेबाचं काय झालं ते आपल्या घरच्यांना विचारा. त्यानंतर ही क्षमता ताशी ५० वर न्यायचं काम जोरात हाती घेतलं गेलं. हिंदमातासाठी तर जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. आता पाणी पूर्वीइतका मुक्काम ठोकत नाही. पण सखल भाग तो सखल भाग. जोरात आला की तो साचणारच.

पाऊस ओसरला तशी मी निघाले. हिंदमाताजवळच्या एका आडव्या रस्त्यावर गुडघ्याला जेमतेम खाली असं पाणी होतं. कापडाची दुकानं बंद. एका दुकानाच्या उंच पायरीवर ट्रायपॉड लावला. समोर पाण्यात शटर्स, पाट्या, दिवे, सगळं उलटं लटकलेलं. खरं सांगते, मला तेव्हा एवढंच वाटलं की, वॉव! लोकांची वाट लागली होती आणि मी म्हणत होते वॉव. कुणी बूट हातात घेऊन, कुणी पोराला कडेवर घेऊन चाललं होतं. मी शटर दाबलं. एक, दोन, तीन... तीस.

स्क्रीनवर फोटो आला. माणसं गायब. दोन टॅक्सींच्या लाल रेघा, गुळगुळीत पाणी, दिव्यांचे खांब. आणि बरोब्बर मधे एक माणूस.

मी डोळ्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं. इतक्या हलणाऱ्या माणसांत न हलणारा एक जण लक्षात आलाच नाही. अंगात रेनकोट, डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, हातात बांबू आणि बांबूला लाल फडकं. महापालिकेचा कामगार. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मॅनहोलचं झाकण काढलेलं आणि हा त्याच्या शेजारी उभा.

मी आणखी चार फोटो काढले. चारही फोटोंत तो तिथेच. मग त्यानंच हाक मारली.

'न्यूजवाले काय मॅडम?'

'नाही काका, असंच.'

'असंच? एवढ्या पावसात?' पुन्हा तोच आईचा प्रश्न, जरा सभ्य भाषेत.

'तुम्ही कधीपासून उभे आहात?'

'चार वाजल्यापासून. मधी चहाला गेलो तर जोडीदार उभा राहिला.'

'पाय दुखत नाहीत?'

'दुखतात की. पण हलता येत नाही ना. मी हललो तर कोणतरी जाईल आत.'

हे त्यांनी 'कांदे महागलेत' म्हणावं इतक्या साधेपणानं सांगितलं. मला मात्र २०१७ आठवलं. २९ ऑगस्टच्या त्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर घरी चालत निघाले होते आणि एल्फिन्स्टन रोडला उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. पाण्यावरून काहीच कळत नाही, कारण पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. आणि आठवली २०२० च्या ऑगस्टमधली ती क्लिप, तुम्हीही पाहिली असेल. माटुंग्याला तुळशी पाईप रोडवर फुलं विकणारी एक बाई उघड्या मॅनहोलपाशी कित्येक तास भर पाण्यात उभी होती, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत. ती पालिकेची कुणी नव्हती. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

'फोटोत मी आलो का?' काकांनी विचारलं.

'तुम्हीच तर आलात. बाकी कुणीच नाही आलं.'

ते हसले. 'छापून आला तर दाखवा ताई. पोरगी विचारते, पाऊस पडला की रात्रभर असता कुठं. सांगून समजत नाही तिला.'

'नक्की देते,' मी म्हटलं. चौकी कुठली ते विचारून घेतलं.

मूड मारतोय

दोन आठवड्यांनी एका ठिकाणाहून फोन आला. मान्सून स्पेशल निघत होता, डबलस्प्रेडसाठी फोटो हवा होता. मी पाच पाठवले. त्यातला तोच आवडला.

'सुपर्ब आहे! काय रिफ्लेक्शन, काय रंग! फक्त एक छोटंसं करशील का? तो मधला माणूस काढता येईल? मूड मारतोय.'

आता इथे मी बाणेदारपणे नाही म्हटलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मास कॉमला असताना आम्हाला सुधारक ओलवेंचे फोटो दाखवले होते, मुंबईच्या सफाई कामगारांचे. वर्गात अगदी चिडीचूप झालं होतं. मी त्यावर असाइनमेंट लिहिली होती, 'कॅमेऱ्याची जबाबदारी' असं भारदस्त नाव देऊन. पुढे २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मी स्टेटसही टाकलं होतं.

पण महिन्याची २८ तारीख होती. घरभाडं तीन तारखेला. आणि आता पूर्वीसारखं तासभर क्लोन टूल घेऊन बसावंही लागत नाही. माणसाभोवती एक गोल काढायचा, बटण दाबायचं. तीन सेकंद. त्यांच्या जागी सुरेख, गुळगुळीत पाणी आलं. इतकं खरं की मलाही खूण सापडेना. चार वाजल्यापासून न हललेला माणूस तीन सेकंदांत हलवला मी.

अंक आला. फोटो भन्नाट दिसत होता, खोटं कशाला बोलू? शंभर जणांनी शेअर केला. आईनं फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या लेकीची मुंबई. किती शांत!' मावशीनं फुलांचा गुच्छ पाठवला. पैसेही वेळेवर आले, हा तर चमत्कारच.

फक्त एक झालं. त्यानंतर पाऊस पडला की मी ट्रायपॉड काढेना. आज कंटाळा आलाय, आज सर्दी आहे, आज काम आहे. रूममेट म्हणाली, 'सुधारलीस वाटतं!' मी हो म्हटलं.

प्रिंट

ऑगस्टच्या शेवटी कपाट आवरताना झिरोचा बल्ब गेलेला दिसला. कधी गेला होता कोण जाणे. लेन्स उजेडात धरली तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी. साफ करायला पुन्हा बोरा बाजार गाठला. दुरुस्तीवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'वापरत नव्हता ना? लेन्स वापरात असली की हवा-उजेड लागतो. कोंडून ठेवली की धरते.'

मला तो टोमणाच वाटला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

त्याच दिवशी दादरला येऊन मूळ फोटोची प्रिंट काढली, आठ बाय बारा. मधल्या माणसासकट. दोन वेळा चौकीवर गेले, दोन्ही वेळा काका दुसऱ्या पाळीला. तिसऱ्यांदा सापडले. बाकड्यावर बसून डबा खात होते. मला ओळखलं नाही. म्हटलं, 'ते असंच फोटो काढणारी.'

'आरं, ताई!' हात धुऊन, पुसून, मग त्यांनी प्रिंट घेतली. दोन्ही हातांनी, कडेनं धरून. बराच वेळ बघत राहिले.

'तोंड तर हललंय माझं.'

खरंच होतं. तीस सेकंदांत ते मान वळवून दोन्ही बाजूंनी येणारी माणसं बघत होते. चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर गोळा.

'तुम्ही सारखे इकडे-तिकडे बघत होतात ना काका.'

'बघायला लागतंय ना.' मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. 'पण काठी बघा. काठी नाही हलली.'

बांबू अगदी सरळ, काळाभोर, धारदार आला होता. मी तो फोटो शंभर वेळा पाहिला असेल. काठीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

'छापून आला का?'

आता हा प्रश्न येणारच होता. येताना बसमध्ये दोन-तीन उत्तरं तयार करून ठेवली होती. जागेअभावी, तांत्रिक कारणामुळे वगैरे. तोंडातून भलतंच निघालं.

'आला. पण त्यात तुम्ही नाही. त्यांनी काढायला सांगितलं, मी काढलं.'

मोबाइलवर तो छापलेला फोटो दाखवला. काकांनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आधी प्रिंटकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. आणि ज्या सुरात एखादा कामगार दुसऱ्या कामगाराची चूक दाखवतो, त्या सुरात म्हणाले,

'मग झाकण उघडंच ठेवलं की तुम्ही.'

मी बघतच राहिले. शंभर जणांनी शेअर केलेल्या, आईला शांत वाटलेल्या त्या गुळगुळीत पाण्यात मधोमध एक उघडं मॅनहोल होतं. आणि त्याच्याजवळ कुणीच नव्हतं.

'चुकलंच माझं,' मी म्हटलं. याहून जास्त काही सुचलं नाही.

'असू दे. फोटोतच हाय ते.' त्यांनी प्रिंट वर्तमानपत्रात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत नीट उभी ठेवली. मग जरा घुटमळले. 'पण ताई, हिच्यात तोंड नाही. पोरगी म्हणेल कुणाचा पण फोटो आणलाय. एक आत्ता काढता का? मी हलत नाही.'

चौकीत एकच दिवा होता, ट्यूबलाइट, तीही मिणमिणती. बाहेर पुन्हा पाऊस धरला होता. फोटो एका सेकंदात निघाला असता, आयएसओ वाढवला की झालं. पण काका बांबू घेऊन भिंतीपाशी जाऊन उभेसुद्धा राहिले होते, परेडला राहतात तसे. मी ट्रायपॉड उघडला. शटर आठ सेकंदांवर ठेवलं.

'रेडी?'

त्यांनी मान हलवली नाही, नुसत्या पापण्या मिटून उघडल्या.

एक. दोन. तीन. पन्हाळीतून पाणी पडत होतं. बाकड्यावरचा जोडीदार हसू दाबत होता. पाच. सहा. मीही का कोण जाणे श्वास रोखून धरला होता. आठ.

शटर मिटल्याचा आवाज झाला. काका तसेच उभे.

'झालं काका.'

'सोडू का मग श्वास?'